सावळीरामचा कॅमेऱ्याचा स्टँड

सावळीराम पगारेला काठी हवी होती, पण तिला काठी म्हटलेलं त्याला चालत नव्हतं. कॅमेऱ्याचा स्टँड म्हणायचं. सातपूरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं लेथ मशीनवर उभा राहिलेला हा माणूस. पन्नाशी गाठता गाठता त्याचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, डोंगर चढायचा तर हातात काठी घ्या. सावळीरामनं घरी येऊन सांगितलं ते वेगळंच.

"डॉक्टर म्हणाले, फोटो हलू नयेत म्हणून कॅमेऱ्याला एक पाय लावा."

"अगंबाई, गुडघ्याचे डॉक्टर फोटोचंही बघतात का?" सुलाबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटत राहिल्या. नवऱ्याचं खोटं त्यांना चेहरा न बघताही कळायचं.

फोटो हलत होते हे मात्र खरं होतं. पाऊस सरला की कारखान्यातली दहा-अकरा मंडळी दरवर्षी अंजनेरीचा डोंगर चढायची. सावळीराम त्यांचा हक्काचा फोटोग्राफर, गळ्यात रोलचा जुना कॅमेरा, वजनात विटेला हार न जाणारा. दोन हजार एकच्या सहलीत दुखत्या गुडघ्यावर तोल सावरत त्यानं सगळा रोल संपवला, आणि धुऊन आला तेव्हा प्रत्येक माणसाला दोन दोन नाकं. मंडळी पोट धरधरून हसली. तोही हसला. मग फिटर रंगनाथ, जो दरवर्षी सहल ठरवायचा, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सावळ्या, पुढच्या साली तू पायथ्याशी बॅगा सांभाळ. उगाच हाल कशाला करून घेतोस?"

रंगनाथनं हे मायेनं म्हटलं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. स्टोअरमधले चिमाजी असेच एका साली बॅगांपाशी बसले होते. दुसऱ्या साली ते आलेच नाहीत आणि तिसऱ्या साली त्यांना कोणी विचारलंही नाही. सावळीरामला त्या बॅगांची रात्रंदिवस धास्ती बसली. यंदा वर जायचं, फोटो काढायचा, आणि त्यात प्रत्येकाला एकच नाक असलं पाहिजे.

कॉलेज रोडवरच्या एका दुकानात परदेशी काठी मिळाली. मूठ फिरवली की निघायची आणि खाली कॅमेऱ्याचा स्क्रू. तीन नळ्या एकात एक सरकणाऱ्या, चालताना आखूड करा, फोटोला लांब करा. सावळीराम हरखलाच. पण लेथवरचा टर्नर तो टर्नर. त्यानं काउंटरवरच काठी उघडून स्क्रूचे आटे तपासायला घेतले, तेव्हा दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यानं आपला कॅमेरा वर बसवला. काठी हळूहळू, अगदी अदबीनं, खाली सरकत गेली. "ही माझ्यापेक्षा आधी म्हातारी होणार," असं म्हणून तो बाहेर पडला.

मग त्यानं स्वतःच एक बनवली. साहेबांना विचारून भंगारातला लोखंडी पाइप घेतला, खाली अणकुचीदार टोक काढलं, मुठीखाली पितळेचा स्क्रू बसवला. एक सूतही इकडंतिकडं नाही. कॅमेरा ठेवला तर भिंतीत चिणल्यासारखा. फक्त ती काठी उचलायला दुसरा माणूस लागला असता. एका रविवारी तो ती घेऊन अंजनेरीच्या पायथ्याशी गेला आणि पहिल्याच चढाला घामाघूम होऊन बसला.

तिथं पुंजाबाबा गुरं घेऊन उभे होते. पायथ्याच्याच वाडीतले, सत्तरीचे, काटक. त्यांनी पाइप हातात घेऊन तोलला.

"नळ बसवाया आला का भाऊ डोंगरावं?"

सावळीरामनं सगळं सांगितलं, बॅगांचंसुद्धा. बाबा त्याला घरी घेऊन गेले. चुलीवर, आढ्याला, धुरात काळपट झालेले पाच-सहा वेळू टांगलेले होते. "दोन पावसाळं धूर खाल्लाय यांनी. किडा लागायचा नाय." एकेक वेळू जमिनीवर आपटून त्यांनी आवाज ऐकला आणि एक भरीव काढला. सावळीरामला ताठ उभं करून, कोपराशी कोयत्यानं खूण करून तोडला. पाइपावरचा पितळी स्क्रू सावळीरामनं दुसऱ्याच दिवशी त्या वेळूवर चढवला. काठी हलकी, हातात बसणारी. फक्त कोपरापर्यंतची. कॅमेरा लावला तर डोळा न्यायला पार वाकावं लागे, आणि वाकलं की गुडघा बोंबलायचा. बदलायला आता वेळ नव्हता.

सहलीच्या दिवशी तो चढला. बॅगा पुंजाबाबांच्या ओसरीवर ठेवल्या होत्या आणि बाबा गंमत बघायला बरोबर आले होते. खिंडीतल्या पायऱ्यांवर मंडळी फोटोसाठी बसली. सावळीराम मात्र खिशातली, पातळी बघायची लेव्हल काढून सपाट जागा शोधत फिरू लागला. मशीन बसवताना आधी पाया समतल करायचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एकदा वाकून बघितलं, गुडघ्यात कळ आली आणि तो परत सरळ झाला. रंगनाथ वरून ओरडला, "राहू दे रे सावळ्या!"

पुंजाबाबांना राहवेना. "डोंगरात सपाट काय धुंडतो? काठी वरल्या पायरीवं टेकव अन् तू खाली ऱ्हा की!"

सावळीरामनं काठी दोन पायऱ्या वर टेकवली. कॅमेरा थेट डोळ्यासमोर आला. पाठ ताठ, गुडघा गप्प. आपल्या पंचवीस वर्षांच्या लेथच्या सवयीवर तो एकटाच इतक्या मोठ्यानं हसला की वरची सगळी हसू लागली, आणि त्याच क्षणी त्यानं बटण दाबलं.

तो फोटो अजून कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आहे. अकरा माणसं, अकरा नाकं. सावळीराम त्यात नाही, पण त्या साली बॅगांपाशी कोणीच नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढच्या साली, सहलीला महिना असताना, रंगनाथ संध्याकाळी सावळीरामच्या घरी आला. जिना चढून आल्यावर तो बराच वेळ गुडघा चोळत बसला. सुलाबाईंनी चहा दिला. तो संपवून रंगनाथ हळूच म्हणाला, "तुझ्यासारखी एक मला करून दे. वर स्क्रूसकट."

"स्क्रू कशाला? तुझ्याकडं कॅमेरा कुठाय?"

रंगनाथनं सुलाबाईंकडं बघून आवाज आणखी खाली आणला. "नाही. पण कोणी विचारलं तर काय सांगू?"

सावळीराम उठला. त्यानं रंगनाथला भिंतीशी ताठ उभं केलं आणि त्याच्या कोपराशी पेन्सिलीनं खूण केली.