गाडीला जागा आहे, माणसाचं बघू

सकाळचे साडेअकरा. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या रस्त्यावरचं लॉज. काउंटरच्या अलीकडे मी आणि आमच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर संपत, पलीकडे मॅनेजर. बाहेर संपतच्या गाडीत त्याची बायको, मंगलवहिनी, आडव्या पडलेल्या.

गाडी घेऊन मुंबईला गेल्यावर उतरायचं कुठं, याचे आम्हा सातारा-सांगलीच्या पत्रकारांकडे इतके किस्से साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याला ढकलून पुढं येतो. त्यातले हे बहुतेक सगळे एकाच शनिवारचे. मी तीस-पस्तीस वर्षं बातमीदारी केली आहे. दंगली पाहिल्या, पूर पाहिले. आश्चर्यानं तोंड उघडं राहण्याची सवय मोडली होती. त्या शनिवारी ती परत लागली.

वहिनींच्या मणक्यात गाठ निघाली होती. सोमवारपासून रोज किरणांचे उपचार. सोमवारची वेळ चुकली तर पुढची कधी, हे डॉक्टरही सांगत नव्हते. वहिनींना बसवत नव्हतं, म्हणून संपतनं गाडीची मागची सीटं काढून गादी अंथरली होती. टॅक्सीत त्यांना नेता येणार नव्हतं. म्हणजे खोली रुग्णालयाजवळ हवी आणि गाडी खोलीच्या दाराशी हवी.

संपत कुंडलचा. त्याच्या गावाकडे पाहुणा आला की आधी बैल कुठं बांधायचा ते बघतो, मग पाय धुतो. बैल गेले, गाड्या आल्या, रीत तीच. मॅनेजर खोली दाखवायला उठला, तर संपत म्हणाला, "खोली ऱ्हाऊ द्या. गाडी कुठं लावायची ते दावा."

मॅनेजरनं समोर बोट केलं. समोर रस्ता होता आणि रस्त्यावर 'नो पार्किंग'चा बोर्ड, पोलिसांच्या बोर्डासारखाच निळा-लाल.

मी त्याला ओळख सांगितली आणि विचारलं की पोलिसांनी गाडी उचलली तर जबाबदार कोण.

"पोलीस कशाला येतील? बोर्ड आम्हीच लावलाय. बाहेरच्यांनी गाड्या लावू नयेत म्हणून!"

* * *

खोट्या बोर्डाच्या भरवशावर गाडी रस्त्यावर सोडायला संपत तयार नव्हता. बाहेर येऊन मी अनंतरावांना फोन केला. अनंतराव वाईचे, आमच्या अंकाचे जुने उपसंपादक, आता निवृत्त. मुंबईत आपलं माणूस असताना लॉजवर उतरणं त्यांना घराण्याचा अपमान वाटतो. ते लगेच म्हणाले, "माझ्या पुतण्याकडे जा." आणि लगेच स्वतःच म्हणाले, "नको." कारण त्यांनाही आठवलं.

गेल्या वर्षी ते स्वतः गाडी घेऊन त्या पुतण्याकडे गेले होते. फाटकावर वॉचमननं सोसायटीचा नियम सांगितला. पाहुण्यानं हवे तितके दिवस राहावं, पाहुण्याच्या गाडीनं दोन तास. दोन तासांनी गाडी बाहेर गेलीच पाहिजे.

अनंतरावांनी नियम नीट वाचला. गाडी परत कधी आत आणायची, याबद्दल त्यात काही नव्हतं. मग ते दर दोन तासांनी खाली उतरायचे, गाडी फाटकाबाहेर काढायचे, चौकाला वळसा घालायचे आणि पुन्हा आत यायचे. जेवण अर्धवट ठेवून जायचे. सुनेला वाटलं, स्वयंपाक आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्या तोंड पाडून ऑफिसातून आला. "काका, सोसायटीत विचारतायत, तुम्ही इथं टॅक्सीचा धंदा सुरू केलाय का?"

मुंबईकर हसतील. मी हसलो नाही. ज्या घरात माणसाला जागा आहे आणि त्याला घेऊन आलेल्या गाडीला नाही, तिथं मंगलवहिनींना नेऊन करायचं काय?

* * *

मग मी मोबाइल काढला. एका हॉटेलच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'रुग्णालयापासून जवळ, शांत परिसर, प्रशस्त मोफत पार्किंग'. सोबत फोटो. हिरवंगार लॉन, कडेला गाड्यांची रांग, मागं डोंगर.

पत्त्यावर पोचलो. दोन दुकानांच्या मधे एक जिना होता. तो जिना म्हणजेच हॉटेल. गाडी सोडा, सायकलही आडवी झाली नसती.

मॅनेजरला फोटो दाखवून मी सुनावायला सुरुवात केली. संपतनं माझ्या हातातून फोन घेतला, फोटो मोठा केला आणि जिन्याच्या पायरीवरच बसला.

"दादा, ह्यो फोटू मीच काढलाय."

खंडाळ्याचं मंगल कार्यालय. आमच्या साताऱ्याचं खंडाळं, घाटाच्या पायथ्याचं. संपत तिथं कुणाच्या तरी लग्नाचे फोटो काढायला गेला होता. कोपऱ्यात नवऱ्याची फुलांनी सजवलेली गाडीसुद्धा तशीच होती!

मॅनेजरला जराही लाज वाटली नाही. तो म्हणाला, "साहेब, फोटो फक्त अंदाज यावा म्हणून असतो."

संपत उठला, पँट झटकली. "आला अंदाज," म्हणाला आणि चालू लागला.

* * *

गाडीत वहिनींनी आमचं सगळं ऐकून घेतलं. दुपारचं ऊन, पाठीत कळा. तरी म्हणाल्या, "आवं, तुमी बैलगाडीचा नाद सोडा. आधी मला कुठं टाकायची ते बघा."

मग जरा महागड्या हॉटेलपुढं गाडी थांबवली. पोर्चमधला रखवालदार म्हणाला की गाडी इथं उभी राहणार नाही, चावी द्या, आमचा माणूस लावेल. मी त्याला बजावलं, मागं बाई झोपल्यात, हलवू नका. त्यानं मान डोलावली. आम्ही खोली बघायला वर गेलो.

खाली आलो तर गाडी नाही.

रखवालदाराची पाळी संपून दुसरा उभा होता. त्याला बाईंचं काही ठाऊक नव्हतं. संपतचा चेहरा मला बघवेना. मी तिथं जो आवाज काढला तो हॉटेलच्या वरच्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण लोक खिडक्यांत आले. मॅनेजर धावत खाली आला. तेवढ्यात गाडी शांतपणे पोर्चमध्ये शिरली. चालवणारा मिशाळ गडी घामानं निथळत होता.

झालं असं होतं. आमच्या काचेवर 'प्रेस'चा स्टिकर. तो बघून हॉटेलवाले खूश झाले, कारण अशी गाडी नो-एंट्रीतही कुणी अडवत नाही. त्यांनी ती सरळ डेअरीवर पाठवली, किचनसाठी पनीर आणायला. पनीर पुढच्या सीटवर ठेवून गडी निघाला. फोनवर बोलत, भरधाव. भर चौकात मागच्या शालीतून आवाज आला.

"जरा दमानं घे दादा. पाठ लय दुखतीया."

त्यानं चौकातच ब्रेक मारला. पुढचा रस्ता त्यानं वहिनींची क्षमा मागतच कापला. आम्ही दार उघडलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "परतताना लय संथ आणली बिचाऱ्यानं. त्याला रागवू नका."

मॅनेजरला मी रागावलो. तो म्हणाला, "पण सर, गाडीला ओरखडाही नाही."

स्टिकर मी तिथंच नखानं खरवडून काढला.

* * *

पाच वाजता एकच जागा उरली होती. आपल्या भागातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बांधलेलं निवासस्थान. रुग्णालय इथून दोन गल्ल्यांवर. गावोगाव झोळी फिरवून ते उभं राहिलं. तळमजल्यावर खाटांचं मोठं दालन, ज्यांना जिना चढवत नाही अशा रुग्णांसाठी. उद्घाटनाची बातमी मी दिली होती. त्या दालनाचा फोटो संपतचा. दोघांनीही सकाळीच तिथं फोन केला होता. जागा नाही, असं उत्तर मिळालं होतं. तरी गेलो.

व्यवस्थापकानं मान वरही केली नाही. "फुल आहे."

मी म्हणालो, व्हरांड्यात चालेल. तो म्हणाला, व्हरांडाही फुल आहे. संपतनं सवयीनं विचारलं, "बरं, गाडी तरी लावू द्याल का घटकाभर?"

तो माणूस एकदम माणसात आला. खुर्चीतून उठला. "गाडीला जागा आहे ना! महिन्याच्या भाड्यानं लावली तरी चालेल."

त्यानं तळमजल्याचं शटर वर केलं.

आत गाड्या होत्या. कापडी आवरणं घातलेल्या, ओळीनं, दोन्ही भिंतींना लागून. प्रत्येक गाडीच्या डोक्यावर भिंतीत सलाइन अडकवायचा हूक होता. हुकाखाली रंगवलेली अक्षरं होती. खाट एक, खाट दोन, खाट तीन.

मी बातमीदार आहे. अशा वेळी प्रश्न विचारायचे असतात. मी भिंतीवरचे आकडे मोजत राहिलो.

संपत स्टिअरिंगवर बसला. गाडी उलटी घेत घेत त्यानं मोकळ्या जागेत लावली. खाट सात. व्यवस्थापक मागून सांगत होता की दालनात माणसांना झोपायची परवानगी नाही, तसा नियम आहे.

"माणूस न्हाई," संपत म्हणाला. "सामान हाय गाडीत."

"सामान म्हणा मला," आतून वहिनी म्हणाल्या. "पर जपून उतरवा."

संपतनं मागचं दार उघडलं, वहिनींच्या डोक्याखालची उशी सारखी केली आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं.

"मंगल, बघ. खाट मिळाली."

सोमवारी सकाळी गाडी तिथूनच निघाली आणि उपचार ठरल्या वेळी सुरू झाले. मी एका विश्वस्तांना फोन केला, त्यांनी दुसऱ्यांचं नाव सांगितलं, दुसऱ्यांनी पहिल्यांचं. बातमी छापली. खुलासा आला नाही. दालनात अजून गाड्याच आहेत. तिथल्या खाटा कुठं गेल्या, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.