फुप्फुसापुरता नवस

जिजाचे नवस गावात सगळ्यांना ठाऊक होते, कारण ते फेडायची पाळी बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणावर तरी यायची. मुलगा सुरज बारावीला बसला तेव्हा, तो पास झाला तर वर्षभर मंगळवारी अळणी जेवेल, असं तिनं देवीला परस्पर कबूल करून टाकलं. दिराला नोकरी लागली तेव्हा दिराची मिशी गेली. सून रचना बाळंतपणात अडली तेव्हा तर जिजानं माणिकपूरच्या चर्चलाही सोडलं नाही. सगळं सुखरूप पार पडलं तर शेजारची सालोमी तिथं दर शुक्रवारी मेणबत्ती लावेल, असा शब्द दिला. सालोमी बिचारी लावतही होती. "नवस जिजाचा, पाय दुसऱ्याचे," असं बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. जिजाला त्यात काही गैर वाटत नसे. ज्याचं भलं व्हायचं त्यानं थोडं झिजावं, असं तिचं साधं म्हणणं. सालोमीचं त्यात काय भलं झालं, हे कुणी विचारलं नाही.

कामणच्या अलीकडे खाडीलगत तिची वाडी. तिथली भाजी घेऊन ती रोज सकाळी माणिकपूरला बसायची. गिऱ्हाइकानं मेथी मागितली की मेथी द्यायची. वर फुकटची कोथिंबीर मागितली की तिला कमी ऐकू यायचं. देवाशीही तिचा व्यवहार असाच चोख होता. काय हवं ते नाव घेऊन मागायचं, बदल्यात काय देणार ते नाव घेऊन सांगायचं, आणि काम झालं की आधी नवस फेडायचा. नवस अंगावर ठेवून घरात कुणी नवं काम हाती घ्यायचं नाही, हा तिनंच घातलेला नियम होता आणि तो कुणी मोडलेला तिला खपत नसे.

नवरा शत्रुघ्न गोदामांचा माल वाहणारा टेम्पो चालवायचा. माल भरेपर्यंत करायचं काय, या प्रश्नाला त्यानं उभ्या जन्मात बिडी हे एकच उत्तर दिलं. त्याच्या बरोबरीनं ओढणारा चुलतभाऊ चंद्रहास गेल्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला. कळलं तेव्हा हातात काही राहिलं नव्हतं. सुरजनं ऑफिसात ऐकलं, की बरीच वर्षं बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी काही त्रास नसतानाच छातीचा स्कॅन करून घेतला तर असला रोग वेळेत सापडतो. तो बापाच्या मागे लागला. बाप दाद देईना. मग चंद्रहासच्या वर्षश्राद्धाला शत्रुघ्न पानावरून उठला, हात धुतले आणि म्हणाला, चल, बघू काय ते. बिडी त्यानं त्याच दिवशी सोडली. एवढं भेदरलेलं त्याला जिजानं कधी पाहिलं नव्हतं.

स्कॅनच्या आदल्या दिवशी ती देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. यांच्या फुप्फुसात काही निघू नको देऊस, हे पायी गड चढून तुला नारळ आणि लुगडं वाहतील, असं तिनं विरारच्या जीवदानीला सांगितलं. पायी हा शब्द तिनं दोनदा उच्चारला. हल्ली वर जायला रोपवे झालाय आणि आपला माणूस कसा आहे हे तिला माहीत होतं.

फुप्फुसात गाठ निघाली नाही. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगताच जिजानं तिथंच हात जोडले. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. स्कॅन छातीचा, त्यामुळे हृदयही त्यात दिसतं, आणि हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांमध्ये चुन्यासारखा थर बराच साठलेला दिसतोय, असं त्या म्हणाल्या. काही त्रास होतो का? शत्रुघ्न म्हणाला, कसलाच नाही. पुष्कळांना होत नाही, आपण दुसरंच शोधायला गेलो म्हणून हे वेळेत कळलं, असं बाईंनी समजावलं. या आठवड्यातच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ते सांगेपर्यंत ओझं उचलायचं नाही, चढण चढायची नाही.

"गेलो फुप्फुस दाखवायला, नि हार्ट बिघडवून दिला," रिक्षात बसल्यावर शत्रुघ्न म्हणाला. गावात पोचल्यावर त्यानं पेढे वाटले. फुप्फुसं साफ निघाली एवढंच प्रत्येकाला सांगितलं. सुरजनं हृदयाच्या डॉक्टरची वेळ घेतली, ती शत्रुघ्ननं सरळ रद्द करायला लावली. घरचा नियम काय आहे? आधी देवीचं देणं, मग नवं काम. रविवारी गड चढतो, त्यानंतर डॉक्टर. सुरज चिडला, निदान रोपवेनं तरी जा म्हणाला. त्यावर बाप म्हणाला, तुझ्या आईनं पायी म्हटलंय, विचार तिला.

जिजानं मान खाली घातली. तिचाच नियम, तिचाच शब्द, आणि दोन्ही तिच्याच गळ्याशी आलेले. नवऱ्याची भक्ती एकाएकी उतू चाललेली नाही, हेही तिला दिसत होतं. तो घाबरला होता. एका संकटातून सुटलेल्या माणसाला दुसऱ्या संकटाच्या दारात उभं राहायचं नव्हतं, आणि नवसाची ढाल आयती मिळाली होती. पण नवस सोडून द्या, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. आजवर तिनं एकही देणं बुडवलं नव्हतं. बाजारात सुटे पैसे परत देताना तिचा हिशेब चुकायला लागला. दोन गिऱ्हाइकांना तर तिनं न मागता कोथिंबीर दिली.

शेवटी तिनं सालोमीपाशी मन मोकळं केलं. "मी फक्त फुप्फुस मागितला गं," ती म्हणाली. "हार्ट मागायचा ऱ्हायला. देवीनं मागितला तेवढाच दिला."

"देव काय भाजीवाला हाय जिजा, मोजून द्यायला?" सालोमी म्हणाली.

 जिजाला भीती वाटत होती, आणि खरं म्हणजे ती देवीची नव्हती. चंद्रहासची बायको हल्ली एकटीसाठी चूल कशाला पेटवायची म्हणून सकाळचंच संध्याकाळी खाते, हे तिनं पाहिलं होतं. या वयात तसं घर तिला नको होतं.

शनिवारी दुपारी ती बहिणीकडे, जयवंतीकडे जाते म्हणून गडाजवळच्या चंदनसारला गेली. लुगडं आणि नारळ पिशवीत होते. रविवारी उजाडताच ती गडाच्या पायथ्याशी उभी राहिली. तुझे गुडघे कसले आहेत ते तरी बघ, असं जयवंती पायथ्यापर्यंत सांगत आली होती. जिजानं तिला तिथूनच परत पाठवलं आणि चढायला लागली.

सुरुवातीला बरं वाटलं. मग उजवा गुडघा बोलायला लागला, मग डावा. शाळकरी मुली तिच्या बाजूनं हसत वर गेल्या आणि दर्शन घेऊन उतरतानाही तिला भेटल्या, तेव्हा ती कठडा धरून बसली होती. सरबतवाल्यानं सांगितलं, मावशी, खाली जाऊन रोपवेच्या गाडीत बसा. बोलायला दम उरला नव्हता, तिनं पुढची पायरी धरली. आजवर किती जणांना आपण असं चालवलं, उपाशी ठेवलं, हे तिला पहिल्यांदा पायांत कळलं. दिराच्या मिशीचं मात्र तिला अजूनही वाईट वाटलं नाही. थोडं चढायचं, बसायचं, परत उठायचं, असं करत ऊन चांगलं वर आल्यावर ती देवीसमोर पोचली.

"नवस मी बोलले," ती हळूच म्हणाली. "त्यांचे पाय मी त्यांना न विचारता नवसाला लावले. देनं माझ्याकडून घे." एवढं बोलून तिनं लुगडं वाहिलं, नारळ फोडला, आणि पुजाऱ्यानं परत दिलेली खोबऱ्याची वाटी पिशवीत ठेवली.

ती घरी आली तेव्हा शत्रुघ्न नवा शर्ट घालून, नवा नारळ हातात धरून ओटीवर बसला होता. बायको आल्याशिवाय निघायचं कसं, म्हणून खोळंबला होता. तिनं त्याच्या पुढ्यात खोबऱ्याची वाटी ठेवली. त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"चढायचा मी होता," तो म्हणाला.

"जीभ माझी, मंग पायबी माझे. नवस फिटला. आता डाक्टरकडं कधी चलता?"

तो रागावला. देवीला असं चालतं का, लोक काय म्हणतील, असं बरंच बोलला. जिजा पायरीवर बसून गुडघ्यांना तेल चोळत राहिली. त्याचं लक्ष तिच्या सुजलेल्या पावलांकडे गेलं. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "एवढी वर गेलीस. माझ्या हार्टचा काय मागितलास?"

"काय नाय मागितला."

"का?"

"नाव घेऊन मागायला गेले, तर परत काय तरी ऱ्हाऊन जाईल," ती म्हणाली. "मना तुम्ही सगळेच्या सगळे पायजेत."

शत्रुघ्ननं हातातला नारळ खाली ठेवला. मग आत हाक मारून त्यानं सुरजला विचारलं, हृदयाचे डॉक्टर सोमवारी बसतात का.