नवऱ्याची पेन्शन

आमची शेजारीण कुणाशीही बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. तिच्या निराधार अनुदानाची फेरतपासणी होती, म्हणून मी तिच्याबरोबर पेणच्या कचेरीत गेले. नवरा गेल्यावर त्याच्या रोह्याच्या कंपनीकडून तिला थोडी पेन्शन सुरू झाली होती. ते कळलं तर अनुदान बंद होणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

“दुसरं काही उत्पन्न?” कारकुनाने विचारलं आणि आवाज खाली करून म्हणाला, “नाही म्हणा, मावशी.”

तिने बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडवलं.

“हाय,” ती म्हणाली. “नवऱ्याची पेन्शन हाय. नाय म्हटलं, तर तो कामालाच नव्हता असं व्हईल.”

अनुदान थांबलं. परतताना एसटीने वडखळ सोडलं, तसा तिने माझा हात धरला. मग म्हणाली, “जोह्याच्या कारखान्यात गणपती रंगवायला जाईन गो. हात अजून थिर हाय माझा.”

तो हात माझ्या हातात होता आणि थरथरत होता.