पाच मिनिटांत पाहिलेली गाडी

ती घटना मी विसरावी म्हणतो, पण लोक विसरू देत नाहीत. निवृत्त पोलीस अधिकारी म्हणजे सगळ्यातलाच जाणकार, असा आपल्याकडे एक समज आहे. महिन्या-दोन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतोच, ‘साहेब, जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे, जरा नजर टाका.’ मी जातो. गाडीभोवती फेऱ्या मारतो, पण बोलायला फार वेळ लावतो. समोरच्याला वाटतं, साहेब कंटाळले. कंटाळलो आहे हे खरं, पण वेळ लावण्याचं कारण निराळं आहे.

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झाल्याला थोडाच काळ झाला होता. कोणा अधिकाऱ्याच्या वाट्याला भोपाळ आलं, कोणाच्या वाट्याला रायपूर, आणि रोज कोणाच्या तरी दाराशी सामानाचा ट्रक उभा असायचा. त्यामुळे ‘भोपाळला गेलेल्या साहेबांची गाडी’ ही आमच्याकडे एक जातच झाली होती. दलालाने एवढे शब्द उच्चारले की गिऱ्हाईक अर्धं पटलेलं असे. साहेबांची गाडी म्हणजे कमी चाललेली, झाकून ठेवलेली, आणि साहेबांना घाई म्हणून स्वस्त. आम्ही रायपूरची मराठी नोकरदार माणसं तर साहेब या शब्दाला फारच भुलतो.

मी तेव्हा टीआय होतो, म्हणजे ठाण्याचा प्रमुख. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारा रस्ता शहरात शिरतो तो भाग माझ्या हद्दीत होता. राहायला मात्र शंकर नगरात. आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहत. काकूंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिले सहा महिने महत्त्वाचे. आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणलं तर बाई चालतील, हे दिवस वाया गेले तर पुढे फारसं होणार नाही. पण काकूंना ऑटोत चढवायचं म्हणजे दोन माणसांचं काम, आणि घरात काका एकटे. म्हणून साठी उलटल्यावर त्यांनी गाडी घ्यायची ठरवली. दलालाने तेलीबांध्याला एक पांढरी छोटी गाडी दाखवली. अर्थात, भोपाळला गेलेल्या साहेबांची.

काका दलालाला घेऊन गाडीसकट माझ्या ठाण्यात आले. ‘‘तू पोलीसवाला माणूस, तुह्या नजरेतून काही सुटत नाही. पाहून सांग.’’

मी पाहिलं. म्हणजे कागद पाहिले. नोंदणी, विमा, साहेबांची सही असलेले हस्तांतराचे फॉर्म. इंजिनावरचा नंबर जुळला, चॅसिसचाही जुळला. रंग नवा होता. पुढचा डावा इंडिकेटर कोरा, उजवा पिवळा पडलेला. माझ्या मनात आलं, मोडलेलं बदललंय, माणूस गाडी सांभाळणारा दिसतो. पाच मिनिटं झाली नसतील.

‘‘घ्या काका,’’ मी म्हणालो, ‘‘गाडी चोरीची नाही.’’

त्या पाच मिनिटांची लाज मला आजही वाटते. कारण माझ्याच ठाण्याच्या कपाटात, एका लखोट्यात, डाव्या इंडिकेटरच्या फुटलेल्या काचेचे तुकडे मोहोर लावून ठेवलेले होते.

दोन महिन्यांपूर्वी सिलतऱ्याच्या रस्त्यावर सायकलवरून घरी जाणारा एक ठेका मजूर गाडीखाली मेला होता. वाहन अज्ञात. पंचनाम्यात काचेचे तुकडे आणि पांढऱ्या रंगाचे कपचे, एवढंच सापडलं. त्याची बायको दर बाजाराच्या दिवशी भाजीची टोपली घेऊन ठाण्यासमोरून जायची आणि दारातच उभी राहून विचारायची, ‘‘साहेब, गाड़ी मिलिस का?’’ गाडी मिळाली तरच विम्याचा दावा उभा राहणार होता. तिला दोन लहान मुली होत्या. मी दर वेळी मान हलवायचो. पुढे पुढे तर ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारा मुन्शीच मान हलवू लागला, मी खिडकीकडे बघत बसायचो. रस्त्यावरच्या मरणांनी माणूस असा निबर होत जातो.

गाडी घेतल्याला पंधरा दिवस झाले असतील. काका पेढ्यांचा पुडा घेऊन ठाण्यात हजर. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना बाजूला बसवून त्यांनी पहिल्यांदाच एवढी लांब गाडी आणली होती. चेहरा नुसता फुललेला. काकू त्या आठवड्यात तीनही दिवस व्यायामाला गेल्या होत्या आणि खुर्चीला धरून क्षणभर उभ्या राहिल्या होत्या.

‘‘पण एक सांग,’’ काका म्हणाले, ‘‘मास्तरनं ही ‘एल’ची पाटी देली, मागून लोहचुंबक आहे. उजवीकडं पक्की बसते. डावीकडं लावली का पडून राहिली. काहून?’’

मी हसत हसत बाहेर आलो. पाटी डाव्या बाजूला, दिव्याच्या वर लावली. पडली. थोडी वर लावली, पुन्हा पडली. लोहचुंबक लोखंडाला धरतं, पुट्टीला धरत नाही. त्या नव्या रंगाखाली पत्रा उरलाच नव्हता, बोटभर पुट्टी थापलेली होती. मी खाली वाकून दाराच्या रबराखाली पाटी फिरवली. बाहेर काढली तेव्हा तिला काळी भुकटी चिकटलेली होती. रायपूरच्या माणसाला ती भुकटी ओळखायला सांगावी लागत नाही. सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची ती धूळ. साहेबांच्या बंगल्यात झाकून ठेवलेल्या गाडीत ती एवढी येणार कुठून?

मी आत जाऊन भोपाळला फोन लावला. साहेब लगेच सापडले. ‘‘गाडी? ती तर मी सहा महिन्यांपूर्वीच एका ठेकेदाराला विकली. सह्या करून फॉर्म दिले होते. नावावर करून घेतली नाही का त्याने?’’

हा एक फोन मला पंधरा दिवसांपूर्वीही करता आला असता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

दलालाला बोलावून घेतलं. नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो, खोटं बोलणारा विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतो. हा तर साहेबांच्या घराच्या पडद्यांचा रंगही सांगू लागला. मी आवाज चढवला नाही. त्याच्या हातात पाटी दिली आणि डाव्या बाजूला लावायला सांगितली. पडली. ‘‘फिर से लगाओ.’’ पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी तो पाटी उचलायला वाकला आणि तिथेच खाली बसला.

‘‘साहब, एक्सीडेंट मैंने नहीं किया. ठेकेदार बोला, डेंट निकाल के बेच दे. मैंने सिर्फ पुट्टी-पेंट करवाया.’’

काका हे सगळं व्हरांड्यातल्या बाकावरून ऐकत होते. पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच. दलालाला आत नेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, ‘‘आता गाडीचं कसं?’’

‘‘जप्त करावी लागेल.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘सांगता येत नाही, काका. तपासणी होईल, मग कोर्ट.’’

त्यांनी पुड्याचा दोरा घट्ट केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘तिचे चारच महिने राहिले आहेत रे. चार महिने तू काही पाहिलंच नाही असं नाही का होत? मंग घेऊन जाय.’’

खरं सांगतो, नाही म्हणायलाच हवं होतं आणि मी म्हटलंही असतं, पण गाडी पास मीच केली होती.

तो बाजाराचा दिवस होता. फाटकाशी ती बाई टोपली उतरवून उभी राहिली आणि तिने नेहमीचं विचारलं, ‘‘साहेब, गाड़ी मिलिस का?’’

मुन्शीने सवयीने मान हलवायला सुरुवात केली. काका बाकावरून उठले. तिच्याकडे पाहिलं, पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. आणि माझ्याआधी तेच बोलले, ‘‘हव, मिलिस.’’

किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि चालत बाहेर पडले. पेढे बाकावरच राहिले.

डावा इंडिकेटर बदललेला होता, पण काचेचे तुकडे त्याच्या जोडीच्या जुन्या, उजव्या इंडिकेटरशी जुळले. ठेकेदाराला अटक झाली, जामीनही झाला, पुढे साक्षीदार फिरले आणि तो सुटला. पण विमा चालू होता, म्हणून त्या बाईचा दावा उशिरा का होईना मंजूर झाला. गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, सोडवता आली असती, पण काकांनी अर्ज केला नाही. ‘‘त्या गाडीत मी हिले बसवू कसा?’’ ती ठाण्याच्या आवारात उभी राहिली. चाकं जमिनीत रुतली, कुत्री तिच्याखाली झोपू लागली.

मी एक ऑटोवाला ठरवून दिला. तो कधी यायचा, कधी नाही. मीही दोन-चारदा नेऊन आणलं, मग बंदोबस्त लागले आणि माझं जाणं सुटलं. सहा महिने संपले. काकू चालल्या नाहीत. मी एकदा भीत भीत माफी मागायला गेलो, तर शब्द जुळवत त्या म्हणाल्या, ‘‘माहा पायच गेला. तिचा माणूस गेला न.’’

काकांनी इतकं मोठं मन दाखवलं नाही, आणि ते मला बरंच वाटलं. ते आतून ‘एल’ची पाटी घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवली. ‘‘तूच ठेव. पुढं कोणाले पाच मिनिटांत ‘घ्या’ म्हणू नको.’’

चोर पकडायला शिकवणारे पुष्कळ साहेब मला भेटले. सवयीने बघणं म्हणजे न बघणंच, हे मला काकांनी शिकवलं, आणि त्याची किंमत काकूंनी दिली. आता कोणी गाडी दाखवली की मी आधी मालकाला फोन लावायला सांगतो. मग खिशातून पाटी काढून पत्र्यावर ठिकठिकाणी लावत बसतो. लोक घड्याळ बघतात. बघू देत. मला काकू दिसतात, खुर्चीला धरून क्षणभर उभ्या राहिलेल्या.