डाव्या चाकाची डिस्क कुणी बदलली?

नमस्कार मंडळी. तुमचे इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचतोय. रागावू नका. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यात आमचं बौद्ध कुटुंब — देव, भूत, करणी, उतारा, काहीच घरात चालत नाही. गल्लीत कुणी दाराला लिंबू-मिरची टांगली की माझी बायको सुनंदा थांबून त्यांची शाळा घेते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहितो.

आमचं घर आदिलाबादजवळ गुडीहत्नूरला, हायवेपासून आत दुसऱ्या गल्लीत. पुढे अंगण, अंगणात गाडी, समोर राजन्नांचं किराणा दुकान. गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट — भर दुपारची, लख्ख उन्हातली. अमावास्या, पिंपळ असलं काही नाही. निराशा झाली असेल तर माफ करा.

ब्रेक दाबला की गाडीच्या मागच्या चाकांतून खर्र... असा आवाज यायचा. ब्रेकच्या मागच्या दोन्ही डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, झिजून कडेला धार आली होती. नव्या गाड्यांना हँडब्रेकचा दांडा नसतो, बटण असतं. आतली मोटर मागचे ब्रेक आवळून धरते. काम सुरू करायच्या आधी गाडीला जोडलेल्या मोबाइलवरून ती मोटर मागे घ्यावी लागते, नाहीतर ती कामातून जाते. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. डिस्क मागवल्या, त्यांना आवळून धरणारे पॅड मागवले. सुनंदा म्हणाली, "फळ्यावर ब्रेक काढनं अलग अन् गाडीले बसवनं अलग, मास्तर."

उजवी बाजू आधी घेतली. डिस्क धरून ठेवणारा एक छोटा स्क्रू असतो. तो गंजला होता, माझ्याकडून त्याचं डोकं पार खराब झालं, सकाळ त्यातच गेली. शेवटी जमलं. चाकाचे नट आवळले की मी प्रत्येकावर खडूने बरोबरची खूण करतो. मास्तरकीची सवय, दुसरं काय! मग हात घासघासून धुतले, भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली आणि जरा आडवा झालो. विहारात बायकांची बैठक होती, सुनंदा तिकडे गेली.

परत आल्यावर तिनेच चहा आणून मला उठवलं. "उठा आता, दुसरं चाक राह्यलं ना?" मी कप घेतला, चष्मा पांढऱ्या चादरीच्या टोकाला पुसला आणि बाहेर आलो.

डाव्या चाकाच्या प्रत्येक नटावर खडूची खूण होती.

मला वाटलं, सकाळी घाईत इथेही खुणा केल्या असतील. चाक काढलं... आत नवी कोरी डिस्क! पॅडही नवे. डिस्कचे दोन्ही खोके रिकामे, आणि दोन जुन्या डिस्क कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी उजवीकडे जाऊन पाहिलं, तिथेही नवीच. मग पुन्हा डावीकडे आलो. असा वेड्यासारखा किती वेळा फिरलो कोण जाणे. आणि काम कसलं साफ म्हणता! इकडचा तो छोटा स्क्रूसुद्धा जसाच्या तसा, त्यावर एक ओरखडा नाही. माझ्या हातून असं काम होत नाही हो.

समोर राजन्नांना विचारलं, आमच्या अंगणात कुणी आलं होतं का? ते माझ्याकडे बघतच राहिले.

"सार, आपीच तो थे. इधर पीठ करके बैठे थे. मैं आवाज दिया, आप देखेच नई."

"कब?"

"खाने के बाद. मॅडम घर पे नई थे ना, तब."

इथे तुमच्यापैकी काहींच्या अंगावर काटा आला असेल. माझ्याही आला, पण वेगळ्या कारणाने. माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. ते दर बाजाराला मीठ आणायचे आणि आणलं हेच विसरायचे. घरात जिकडे तिकडे मिठाच्या पिशव्या. आम्ही हसायचो. मग एक दिवस त्यांनी मला, स्वतःच्या मुलाला विचारलं, "गुरुजी, तुमचं गाव कोनतं?" त्यानंतर कुणी हसलं नाही.

मीही आता त्या वयाच्या जवळ आलोय. म्हणजे बघा, एक तर माझ्यासारखं दिसणारं कुणीतरी माझ्या अंगणात बसून माझं काम करून गेलं. किंवा ते मीच केलं, आणि ते अख्खं काम माझ्या डोक्यातून पुसलं गेलं. पहिल्या शक्यतेवर मी जन्मभर हसलो, आणि त्या दिवसापासून तिच्याच बाजूने पुरावे शोधतोय. ते भूतच असावं असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या शक्यतेची मला फार भीती वाटते.

पुरावा म्हणाल तर एकच. ब्रेकचं काम केलं की काळी भुकटी नखांत जाऊन बसते. चहा घेताना माझे हात स्वच्छ होते, चादरीवरही डाग नव्हता. पण हात धुऊन माणूस परत झोपू शकतो, एवढं मलाही कळतं. साबण काळा झाला होता खरा, पण तो सकाळी झाला की दुपारी, कसं सांगणार?

आदिलाबादला डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी वजाबाक्या करायला लावल्या, काही शब्द लक्षात ठेवायला सांगून नंतर विचारले. सगळं बरोबर आलं. "आत्ता तरी काही दिसत नाही सर, झोप नीट घ्या," म्हणाले. ते 'आत्ता तरी' काही केल्या मनातून जात नाही. गाडी मात्र झकास थांबते. पार भैंशा गावापर्यंत जाऊन आलो, खर्र नाही की खुर्र नाही.

त्या दुपारी काय झालं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला असं काही दिसलं असेल — आपल्यासारखंच दिसणारं, आपलंच काम करून जाणारं — तर कृपा करून लिहा. हसणार नाही, शब्द देतो.

आणि हो, सुनंदाचं सांगायचं राहिलं. शेवटी शेवटी बाबा सारखे विचारायचे, "माही सायकल कोनं नेली?" सायकल विकून जमाना झाला होता. आम्ही भावंडं त्यांना समजावत बसायचो, चिडायचो. सुनंदा मात्र हातातलं काम न थांबवता शांतपणे म्हणायची, "पंक्चर काढाले देली, बाबा. येते आता." बाबा म्हणायचे, "हव, मंग ठीक हाय."

परवा मी पुन्हा तोच विषय काढला. सुनंदा तूर निवडत होती. वर न बघता, अगदी शांतपणे म्हणाली, "भूतच होतं ते. मी सांगून राह्यली ना. दुसरं काय असन?"

मी म्हणालो, "हव, मंग ठीक हाय."