पाणी मागणारा जपानी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून तर माझा चोरून खाल्लेला पेढाही लपत नाही.

आता नांदेडात मी सुखात आहे. पेन्शन आहे, नळाला पाणी येतं, गुडघेही फारशी कुरकुर करत नाहीत. मग हे आज कशाला उकरायचं? — सुखातच आठवतं ते, म्हणून.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पावसानं मात्र त्या वर्षी पाठ फिरवलेली. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. एका तंबू टॉकीजवाल्याकडं इंग्रजी सिनेमा होता आणि गोष्ट मराठीत सांगायला त्याला माइकवर माणूस हवा होता. मला इंग्रजी येतं, असं मी ठोकून दिलं. कितपत येत होतं? — पास होण्यापुरतं. बाकीचं सगळं मी मनचंच सांगायचो.

सिनेमा ब्रह्मदेशातल्या लढाईचा. गोरे सगळे शूर, जपानी सगळे राक्षस. बनवणाऱ्यांनीच तसा बनवलेला, वरून मी तिखट टाकायचो. एका ठिकाणी जखमी जपानी शिपाई पडल्या पडल्या काहीतरी पुटपुटतो. मी माइकवर गरजायचो, "मारा सगळ्यांना!" लोक शिट्ट्या वाजवायचे.

एका गावात पुढं बसलेले शंकरतात्या उठले. तरुणपणी ते पलटणीत होते, ब्रह्मदेशात जपान्यांच्या कैदेत राहिलेले.

"मास्तर, तसं न्हाई म्हणायलाय त्यो," ते म्हणाले. "पाणी मागायलाय. तिथं लई ऐकलंय म्या."

मला हे कळत नव्हतं का? शिपायाचा हात ओठांकडं जातो — मी रोज बघत होतो! पण माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही जपानचे जावई दिसता!"

तंबू हसून लोळला. तात्या बाहेर निघून गेले. गावात त्यांना तेच नाव पडलं, आणि मरेपर्यंत तेच राहिलं, असं पुढं कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खडी फोडायच्या दुष्काळी कामावर गेलो, खेळाची जाहिरात करायला. टँकर आला नव्हता. लोक "ओ जावई" म्हणून तात्यांना चिडवत होते. तात्यांच्या घागरीत तळाला थोडं पाणी होतं. मी मागितलंही नव्हतं — त्यांनीच तांब्या भरून पुढं केला.

"घ्या मास्तर. बोलून बोलून घसा सुकला असंल."

टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली — खरंच वाटली — तरी मी तांब्या रिकामा केला. तात्या खरं बोलले, एवढंच तिथं मोठ्यानं म्हणायचं होतं. कितीसा वेळ लागला असता? मी तोंड पुसलं आणि निघालो.

संध्याकाळी तोच खेळ. तोच शिपाई, ओठांकडं जाणारा तोच हात. पुढची तात्यांची जागा रिकामी होती. मी माइक जवळ घेतला. त्यांच्या पाण्यानं घसा चांगला मोकळा झाला होता.

"मारा सगळ्यांना!" मी गरजलो.