एक वीत, एक बिडी

माझ्या मैत्रिणीचा, सुवर्णाचा मेसेज आला : "वादळात आमच्या बागेतल्या सहा रायणी मोडल्या. सातवी मुळासकट कलंडलीये, पण आप्पा तिला कापू देईनात. येतेस?" शनिवारी पहाटे मी नाशिकहून निघाले.

धुळ्यामार्गे दोंडाईचा, तिथून शहाद्याच्या एसटीनं सारंगखेडा. शेवटच्या टप्प्यात कंबर सांभाळा. दोंडाईच्याच्या स्टँडवरची भजी मात्र चुकवू नका.

बाग जहागिरीच्या काळातली. दगडी पाट, चौकोनी हौद आणि कडेला रायणींची, म्हणजे आपल्या खिरणीची, ओळ. तिघींनी मिळून कवेत घ्यावं असं ते खोड आडवं झालेलं पाहिलं आणि मी खांद्यावरची पिशवी उतरवायचीही विसरले.

सुवर्णाचे वडील आप्पा, निवृत्त शिक्षक, खोडावर हात ठेवून अहिराणीत म्हणाले, "मरेल नही शे. आडी पडेल शे." म्हणजे मेलेली नाही, फक्त आडवी पडलीय.

क्रेनवाला घाईत होता. "दहा मिनिटमा उभी करी देसू!"

दित्यादादांनी नखानं साल खरवडली. आत हिरवं. हे धडगावकडचे पावरा आदिवासी, झाडांचे जाणकार. "हिसका नको," ते म्हणाले. "एक बाजूना मुळ्या आजून धरी ऱ्हायन्यात."

क्रेन परत गेली. त्या दिवशी फांद्या हलक्या केल्या, उघड्या मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलं. जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दुसरी मागितली.

रविवारी दोर ओढायला आम्ही बारा जण. झाड वीतभर उठलं की दोर खुंटाला बांधून थांबायचं, मुळांवर चिखल ओतायचा, आणि दित्यादादांची बिडी संपेपर्यंत कुणी दोराला हात लावायचा नाही. मी उत्साहात "हैसा!" ओरडले, तर सगळ्यांनी असं पाहिलं, जणू मी दवाखान्यात शिट्टी मारली.

संध्याकाळी रायण उभी राहिली. पण ती चांगलीच कललेली होती.

"आजून थोडी," आप्पा म्हणाले. "वळ सरळ पाहिजे." सात झाडांची ती रेघ त्यांनी आयुष्यभर जपलेली.

दित्यादादांनी दोर खाली ठेवला. "सरळ करशात तं मरी जाई."

आप्पांनी मोडलेल्या सहा बुंध्यांच्या ओळीवरून नजर फिरवली. मग स्वतःच लाकडी टेकू उचलून आणला आणि कललेल्या बाजूला लावला.

घरी आल्यावर दोन महिने सुवर्णाचा प्रत्येक मेसेज मी भीत भीत उघडला. मला आयुष्यात इतकं थांबायला कुणी लावलं नव्हतं, आणि थांबण्यातही एवढी ताकद लागते हे मला ठाऊक नव्हतं.

काल फोटो आला : खोडावर पोपटी पालवी. लगेच फोन केला, तर आप्पांनीच घेतला.

"बेटा, ये," ते म्हणाले. "सावली आजून थोडी शे. पन दोन जन मावतस."